पहिलं सहा हजारी शिखर आणि बुटांचा प्रश्न

उत्तरकाशीचा गिर्यारोहण कोर्स आणि पहिलं सहा हजार मीटरवरचं शिखर, या दोन्हींसाठी पंचवीस हजारांत कुठला बूट घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. थोडक्यात उत्तर आधी देतो: यंदा हिमालयासाठी महागडा बूट विकत घेऊ नका. कोर्सला संस्थेचा वापरा, शिखराला लेहमध्ये भाड्याने घ्या. तुमच्या पंचवीस हजारांतले आठ-नऊ हजार एका चांगल्या चालायच्या बुटावर आणि मोज्यांवर घाला आणि उरलेले बाजूला ठेवा. असं का म्हणतोय, ते आता सविस्तर लिहितो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. सह्याद्रीत पाच-सहा वर्षं नियमित भटकंती, अलंग-मदन-कुलंग झालेलं. मे महिन्यात उत्तरकाशीला बेसिक कोर्स आणि पुढच्या ऑगस्टमध्ये लडाखमधलं कांग यात्से-२. या दोन्हींसाठी एकच बूट हवा, जमल्यास तोच सह्याद्रीतही चालावा. दुकानदार सांगतो, 'एक नंबर मोठा घ्या, जाड मोजे घालायचे असतात.' आणि मित्राच्या काकांचे दोनदाच वापरलेले प्लास्टिकचे डबल बूट (बाहेर कवच, आत वेगळा मऊ बूट) बारा वर्षं माळ्यावर पडून आहेत, ते फुकट मिळतायत.

'सगळीकडे चालेल असा एकच बूट' ही कल्पना आधी डोक्यातून काढा. सह्याद्रीतला बूट आणि बर्फावरचा बूट यांची कामंच उलटी आहेत. पावसाळ्यातल्या ओल्या कातळावर आपल्याला मऊ रबर लागतं, वाकणारा सोल लागतो आणि पायाखाली काय आहे ते तळव्याला कळावं लागतं. म्हणूनच साध्या ॲक्शन ट्रेकिंग किंवा हंटर बुटांवर आपल्याकडच्या मंडळींनी अवघड अवघड घाटवाटा उतरल्यात आणि त्याच वाटांवर नवेकोरे परदेशी बूट घातलेला माणूस बसत-घसरत खाली आलाय. बर्फावरच्या बुटाचं रबर टणक असतं, कारण त्याला मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या ढिगाऱ्याच्या, धारदार दगडांवर वर्षानुवर्षं टिकायचं असतं. सोल ताठ असतो, कारण त्याखाली क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारा धातूचा दातेरी सांगाडा, बसणार असतो. असा बूट घालून हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेच्या शेवाळी दगडांवर पाय ठेवलात तर पुढचं मी सांगायला नको. शिवाय तो आपल्या उकाड्यात तासाभरात आतून ओला होतो. तेव्हा सह्याद्रीसाठी जे आहे तेच राहू द्या.

आता मुद्द्याकडे. हिमालयासाठी बूट निवडताना बहुतेक जण विचारतात, 'किती थंडीला चालेल?' हा प्रश्न बरोबर आहे, पण पहिला नाही. पहिला प्रश्न, या बुटाला कुठला क्रॅम्पॉन बसणार? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न, हा बूट माझ्या पायाला बसतो का? पाय, क्रॅम्पॉन, थंडी, मग किंमत या क्रमाने विचार केला की निम्मा गोंधळ मिटतो. मी मात्र क्रॅम्पॉनपासून सुरुवात करतो, कारण तो भाग समजला की दुकानातली भाषा कळायला लागते.

ब्रिटनमध्ये रूढ झालेली आणि आता बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी एक वर्गवारी आहे. बूट बी-० ते बी-३, क्रॅम्पॉन सी-१ ते सी-३. बी-० म्हणजे आपला नेहमीचा ट्रेकिंग बूट. तो हाताने सहज वाकतो, त्याला क्रॅम्पॉन लावायचाच नसतो. बी-१ जरा ताठ. त्याला पट्ट्यांनी बांधायचा सी-१ क्रॅम्पॉन लागतो. हिमनदीवरून सपाट चालायला, हलक्या उतारावर तेवढं पुरतं. बी-२ बऱ्यापैकी ताठ असतो आणि त्याच्या टाचेमागे सोलच्या वर एक कडक खाच असते. सी-२ क्रॅम्पॉनचा मागचा खटका या खाचेत बसतो, पुढे मात्र प्लास्टिकचा पट्टा असतो. बी-३ पूर्ण ताठ, पुढेही खाच आणि मागेही. त्यात पुढे तारेची कडी आणि मागे खटका असलेला सी-३ बसतो. नियम सोपा आहे: बुटाचा आकडा क्रॅम्पॉनच्या आकड्याइतका किंवा त्याहून मोठा हवा. बी-३ बुटाला सी-१ लावला तरी चालतं. बी-१ बुटाला सी-३ कधीच नाही.

हा नियम मोडला की होतं काय? बूट चालताना वाकतो, क्रॅम्पॉन वाकत नाही. प्रत्येक पावलाला दोघांची ओढाताण होते. मग एक तर क्रॅम्पॉनचा मधला दांडा पिचतो किंवा तो बुटातून सटकतो. सटकण्याची जागा कधीही सपाट नसते. पूर्ण भार चवड्यावर येतो तिथेच, म्हणजे तीव्र उतारावर, तो निघतो. आणि क्रॅम्पॉन निघाला नाही तरी मऊ सोलचा बूट घालून पुढच्या दोन दातांवर उभं राहिलात की टाच खाली लोंबते आणि सगळा भार पोटरीवर येतो. दहा मिनिटांत पोटऱ्या थरथरायला लागतात. ताठ सोलमध्ये तोच भार बुटातल्या पट्टीवर जातो. ही पट्टी नायलॉनची, कार्बनची किंवा जुन्या बुटांत पोलादाची असते.

ताठपणा दुकानात तपासता येतो. टाच आणि चवडा दोन हातांत धरून बूट ओल्या कपड्यासारखा पिळून बघा. जितका कमी पिळला जाईल तितका आडव्या उतारावर कडेने उभं राहायला बरा. मग बूट घालून पायरीच्या काठावर फक्त चवडा टेकवून उभे राहा. सोल मधून खचतोय असं वाटलं तर तो बर्फाच्या भिंतीवरचा बूट नव्हे. ताठपणाचा अतिरेकही नको, बरं का. घोट्याभोवती फारच कडक असलेल्या बुटात सगळे दात बर्फात रुतवून सपाट पावलाने चालता येत नाही. कोर्सवर सगळ्यात आधी शिकवतात ते नेमकं हेच. सोल ताठ आणि घोटा पुरेसा मोकळा, ही जोडी शोधायची असते.

क्रॅम्पॉन बसवून बघायची एक चाचणी लक्षात ठेवा, भाड्याचं सामान घेताना ती करायचीच. क्रॅम्पॉन बुटावर चढवा, पण मागचा खटका आणि पट्टा लावू नका. बूट उचलून उलटा करा आणि हलकेच हलवा. क्रॅम्पॉन जागेवर राहिला तर माप बरोबर. खुळखुळला किंवा गळून पडला तर दांड्याची लांबी बदला, नाहीतर क्रॅम्पॉनच बदला. दुकानदार घाई करेल, करू द्या.

सोलचा विषय निघालाच आहे म्हणून थोडं विषयांतर. बुटाच्या तळाशी पिवळा अष्टकोन दिसतो ना, व्हिब्रमचा, त्याच्यामागे एक अपघात आहे. विताले ब्रामानी हा इटालियन गिर्यारोहक. १९३५ साली आल्प्समध्ये पुंता रासिकाच्या चढाईत त्याच्या तुकडीतले सहा जण वादळात सापडून दगावले. पायांत कातळावर चढायचे हलके बूट होते आणि बर्फात ते कुचकामी ठरले. त्या काळी दोनच पर्याय होते. एक, मऊ तळाचे कातळबूट आणि दुसरा, तळाला खिळे ठोकलेले जाड चामड्याचे बूट. खिळ्यांना बर्फावर पकड असायची, पण लोखंड पायातली ऊब बाहेर ओढून न्यायचं. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसा झालेल्या जॉर्ज मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा पायातला बूट असाच खिळ्यांचा होता. ब्रामानीने कातळ आणि बर्फ दोन्हींवर चालेल असा खोल नक्षीचा रबरी सोल बनवला आणि स्वतःच्या नाव-आडनावातली अक्षरं जोडून त्याला व्हिब्रम म्हटलं. १९५४ मध्ये इटालियन मोहिमेने के-टू सर केलं ते हेच सोल घालून. आज बऱ्याच गिर्यारोहण बुटांना तोच असतो. त्यामुळे 'व्हिब्रम सोल आहे' हे दुकानदाराने सांगितलं की फार भारावून जाऊ नका. त्याच कंपनीची मऊ, टणक अशी अनेक रबरं आहेत.

आता थंडी. कांग यात्से-२ ची उंची ६,२५० मीटर, लेहची साधारण ३,५००. उंचीच्या दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे लेहमध्ये ऑगस्टच्या रात्री दहा अंश असतील, तर त्याच वेळी माथ्यावर ढोबळमानाने उणे आठ. त्यात वारा मिळवा आणि निरभ्र आकाश असेल तर पहाटेची कडाक्याची थंडी मिळवा. चढाई मध्यरात्रीच्या आसपास सुरू होते आणि सूर्य अंगावर येईपर्यंत पाच-सहा तास तुम्ही याच थंडीत असता. त्यातला बराच वेळ दोरावर पुढच्या माणसाची वाट बघत उभं राहण्यात जातो. पाय चालताना गार पडत नाहीत, उभं राहिलं की पडतात. शिवाय उंचीवर पाणी कमी प्यायलं जातं, रक्त दाटतं आणि शरीर हातापायांचा पुरवठा कमी करून पोटा-छातीकडे वळवतं. बूट स्वतः ऊब तयार करत नाही. तुमच्या पायातली ऊब तो धरून ठेवतो, इतकंच त्याचं काम.

या थंडीसाठी दोन प्रकारचे बूट असतात. एक, आत ऊबदार अस्तर असलेला एकेरी बूट. ला स्पोर्टिव्हाचा नेपाल किंवा स्कार्पाचा माँ ब्लाँ या जातीचे. दुसरा डबल बूट, म्हणजे बाहेर कवच आणि आत वेगळा निघणारा मऊ बूट. पूर्वी कवच प्लास्टिकचं असायचं, कोफ्लाखचे बूट जुन्या मोहिमांच्या फोटोंत हमखास दिसतील. आता ला स्पोर्टिव्हा जी-टू किंवा स्कार्पा फँटम ६००० सारखे हलके, वरून गेटर (बर्फ आत शिरू नये म्हणून घोट्याभोवती असलेलं आवरण) शिवलेले बूट आलेत. त्याच्याही वर आठ हजारी शिखरांचे, गुडघ्यापर्यंत गेटर असलेले. ते तुमच्या प्रश्नात येत नाहीत, सोडून देऊ.

डबल बुटाचा खरा फायदा फक्त जाडीत नाही. पायाचा घाम दिवसभर अस्तरात मुरतो आणि एकेरी बूट तंबूत वाळत नाही. सकाळी तो लाकडासारखा कडक होऊन बसतो. डबल बुटाचा आतला भाग काढून स्लीपिंग बॅगेत घेता येतो. २९ मे १९५३ ला, एव्हरेस्टच्या शिखरचढाईच्या पहाटे, हिलरीने रात्री पायातून काढून ठेवलेले बूट गोठून टणक झालेले होते. ते स्टोव्हवर शेकून पायात जाण्याजोगे करेपर्यंत दोनेक तास गेले. तेनसिंगने मात्र आपले बूट पायातच ठेवले होते. त्या मोहिमेसाठी ब्रिटनमधल्या सात्रा या पादत्राण संशोधन संस्थेने खास ऊबदार बूट बनवून दिले होते, तरी ही गत. वरच्या कॅम्पवर दोन-तीन रात्री काढायच्या असतील तर डबल बुटाला पर्याय नाही.

कांग यात्सेला वरचा कॅम्प बहुधा लागत नाही, एका रात्रीत जाऊन यायचं असतं. त्यामुळे वेगाने चढणारा, हातापायांना एरवी गारठा न जाणवणारा माणूस ऑगस्टमध्ये चांगल्या एकेरी बी-३ बुटावर जाऊन येऊ शकतो. पण तुमची ही पहिली वेळ आहे. तुमचा वेग सहा हजारांवर काय राहील हे तुम्हालाही अजून ठाऊक नाही. पहिल्या शिखराला मी डबल बूटच सांगेन. मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक, ५,२८९ मीटर, जूनमध्ये करणार असतात तर बी-२ एकेरी बूट पुरे म्हटलं असतं. नेपाळमधलं मेरा पीक, ६,४७६ मीटर, असतं तर विचारच केला नसता, सरळ डबल.

थंडीचं एक मोठं कारण मात्र बुटाच्या अस्तराशी संबंधित नसतंच. ते म्हणजे घट्टपणा. बूट आवळला, त्यात मोज्यांचे दोन-तीन थर कोंबले की बोटांचं रक्त अडतं, आणि मग वीस हजारांचा बूट असो की लाखाचा, बोटं बधिर होणारच. बोटं आत मोकळेपणी हलली पाहिजेत. चढताना दर अर्ध्या तासाने ती हलवून बघायची सवय कोर्सपासूनच लावून घ्या. इथून आपण मापाकडे येतो, आणि या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

'एक नंबर मोठा' हा सल्ला अर्धवट आहे. यूके नंबरात एक नंबर म्हणजे लांबीत जवळजवळ साडेआठ मिलिमीटर, युरोपीय नंबरात पावणेसात. आणि मोठा कशाच्या मानाने? तुमच्या ऑफिसच्या बुटाच्या? तो तरी बरोबर मापाचा आहे का? नंबर विसरा आणि पाय मोजा. संध्याकाळी मोजा, दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजलेला असतो तेव्हा. भिंतीला टाच टेकवून कागदावर पूर्ण वजन देऊन उभे राहा, दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून सर्वांत पुढच्या बोटापाशी खूण करायला सांगा. दोन्ही पाय मोजा, बहुतेकांचे थोडे कमी-जास्त असतात. मोठा जो असेल तो धरायचा. मग बुटातलं इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, काढून त्यावर उभे राहा. बोटांच्या पुढे एक ते दीड सेंटिमीटर जागा हवी. इनसोलच्या बाजूंनी करंगळी बाहेर सांडत असेल तर लांबी बरोबर असूनही तो बूट तुमचा नाही.

लांबीपेक्षा रुंदीवरच आपली माणसं जास्त फसतात. आपलं लहानपण अनवाणी आणि चपलेत गेलेलं. चवडा पसरट, टाच त्या मानाने अरुंद, असे पाय मी खूप बघितलेत. युरोपीय बूट ज्या साच्यांवर बनतात त्यांतले काही बरेच अरुंद असतात. ला स्पोर्टिव्हा साधारण निमुळता, स्कार्पा जरा मधला, काही जर्मन कंपन्यांचे साचे त्याहून रुंद. चवडा आवळतो म्हणून मोठा नंबर घेतला की चवड्याला आराम मिळतो, पण टाच आत वरखाली नाचते. चढताना तिला फोड, उतरताना पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख काळं. मग ते थांबवायला माणूस घोट्यावर नाडी करकचून बांधतो आणि पुन्हा रक्त अडतं. म्हणजे मोठ्या बुटानेसुद्धा पाय गारठतो, आणि दुकानदाराला हे कधी कळत नाही कारण तो दुकानातल्या गालिच्यावर चालवून बघतो.

चालवून बघायचंच तर असं: वर जे मोजे घालणार तेच घालून या. नाडी न बांधता पाय पुढे सरकवा, बोटं टोकाला टेकू द्या. टाचेमागे एक बोट सैलसर गेलं पाहिजे. मग टाच मागे आपटून नाडी बांधा. जिना चढा आणि टाच किती उचलते ते बघा. ताठ बुटात थोडीशी, चार-पाच मिलिमीटर उचलणारच, त्याहून जास्त नको. आता जिना उतरा आणि शेवटी भिंतीला चवड्याने जरा जोरात लाथा मारा, बर्फात पायरी करताना मारतात तशा. बोटं टोकाला लागली तर बूट परत. वीस-पंचवीस मिनिटं घालून बसा, चहा घ्या, पुन्हा चाला. जिथे पहिल्या पाच मिनिटांत टोचतं तिथे पाचव्या तासाला जखम होते. 'चामडं आहे, सैल होईल' हे रुंदीच्या बाबतीत थोडंफार खरं, लांबीच्या बाबतीत अजिबात नाही, आणि आजच्या कृत्रिम कवचाच्या बुटांत तर रुंदीच्या बाबतीतही नाही.

नाडी बांधायचीही रीत आहे. चढताना पंजावरची नाडी बेताची, घोट्याच्या वळणापाशी दुहेरी वेढा देऊन ताण अडकवायचा आणि वरचा भाग थोडा सैल ठेवायचा म्हणजे पाय पुढे झुकतो. उतरायला लागण्याआधी थांबून वरचा भाग आवळायचा. हे दोन मिनिटांचं काम शिखरावरच्या फोटोंच्या गडबडीत कुणी करत नाही आणि परतल्यावर नखं मोजत बसतात.

तुमच्या ग्रुपमध्ये मुलीही आहेत असं लिहिलंय. त्यांच्यासाठी वेगळ्या साच्याचे बूट मिळतात. टाच अरुंद आणि वरचा कडा पोटरीला टोचणार नाही असा. पण भाड्याच्या दुकानांत छोटे नंबर कमी असतात. त्यांनी लेहला पोचायच्या आधी फोन करून नंबर सांगून ठेवावा. ऐन वेळी दोन नंबर मोठा बूट आणि तीन मोजे, असं होऊ देऊ नका.

मोजे दोन पुरेत: आत पातळ कृत्रिम धाग्याचा, बाहेर जाड लोकरीचा. सुती मोजा ओला होतो आणि ओलाच राहतो. शिखराच्या रात्रीसाठी एक कोरडी जोडी वेगळी बांधून ठेवायची आणि ती आधी घालायचीच नाही.

कोर्सचं बोलू. तुमचा कोर्स घेणारी उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ सालची, आणि ती बर्फावरचे बूट, क्रॅम्पॉन, आइस ॲक्स हे सगळं आपल्या भांडारातून देते. ते बूट नवे नसतात, अनेकांनी वापरलेले असतात. वाटप होत असताना संकोच न करता दोन-तीन जोड्या घालून बघा आणि वरची जिना-भिंतीची चाचणी तिथेच करा. बदलून मागायची वेळ तीच, हिमनदीवर पोचल्यावर नाही. पण सुरुवातीचे दिवस उत्तरकाशीजवळच्या टेखलाच्या कातळावर जाण्या-येण्यात जातात, पाठीवर सॅक घेऊन, आणि मग बेस कॅम्पपर्यंतची चाल असते. ते सगळं तुमच्या स्वतःच्या बुटात. म्हणून म्हणतो, आत्ता पैसे या बुटावर घाला: घोट्यापर्यंत उंच, जलरोधक, तळ मध्यम ताठ, आठ हजारांच्या आसपास. हाच बूट पुढे मार्खा खोऱ्यातून कांग यात्सेच्या बेस कॅम्पपर्यंत चालेल. वजनाकडे लक्ष द्या. पायातलं एक किलो पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतकं दमवतं, त्यामुळे 'मजबूत दिसतो' म्हणून जड बूट घेऊ नका. मे उजाडायच्या आत तो घालून सॅकमध्ये दहा-बारा किलो घेऊन सिंहगड पाच-सहा वेळा चढा-उतरा.

कोर्सवर सव्वीस-सत्तावीस दिवस दुसऱ्याचा बूट घातल्यावर तुम्हाला तुमच्या पायाबद्दल जे कळेल ते मी इथे कितीही लिहिलं तरी कळणार नाही. टाच कुठे सोलते, कुठलं बोट आधी गारठतं, आतल्या घोट्याचं हाड कुठे घासतं. महाग बूट त्यानंतर घ्यायचा.

काकांचे बूट. भावना समजते, फुकट आहेत तेही समजतं, पण घेऊ नका. दोनदाच वापरलेत ही जमेची बाजू वाटते ना, ती नाही. बहुतेक बुटांच्या सोलच्या वर पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतल्या दमटपणाने तो आतून विघटित होत जातो, वापरा किंवा न वापरा. उलट कपाटात बंद राहिलेले बूट लवकर जातात, आणि आपले जून ते सप्टेंबर या कामी अगदी पोषक. बाहेरून धडधाकट दिसणारा बूट तिसऱ्या दिवशी तळ सोडतो, तोही दोन्ही पायांचा एकाच दिवशी. प्लास्टिकच्या कवचाचं दुखणं वेगळं. ते वर्षं गेली की ठिसूळ होतं आणि कडक थंडीत, क्रॅम्पॉनच्या ताणाखाली, तडकतं. जुने प्लास्टिक बूट उंचावर फुटल्याची उदाहरणं जगभर नोंदली गेलीत. काकांना नमस्कार सांगा आणि बूट माळ्यावरच असू द्या.

हीच नजर लेहमधल्या भाड्याच्या दुकानातही ठेवा. सोल आणि वरचा भाग जिथे जुळतो तिथे अंगठ्याने दाबून, नख रुतवून बघा. भुकटी निघाली किंवा बारीक भेगा दिसल्या तर तो बूट खाली ठेवा. पुढची-मागची खाच झिजून गोल झालेली नको, नाहीतर कडी धरत नाही. आतला बूट हातात घेऊन दाबा, तो चपटा होऊन पातळ झाला असेल तर त्याची ऊब गेलेली आहे. हुक, नाडी, गेटरची चेन उघड-बंद करून बघा. आणि बूट शेवटच्या संध्याकाळी नव्हे, लेहला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ठरवा. विरळ हवेची सवय होण्यासाठी तसेही दोन-तीन दिवस तिथे काढायचेच आहेत. त्या रिकाम्या वेळात हॉटेलच्या जिन्यावर ते घालून फिरा, लोक हसतील. सॅकमध्ये जादा नाडी, मजबूत चिकटपट्टी आणि दोन-तीन मीटर बारीक दोरी असू द्या. सुटलेला सोल बांधून खाली येता येतं.

वाळवण्याबद्दल एकच: शेकोटीजवळ किंवा स्टोव्हवर बूट धरू नका. हिलरीकडे दुसरा इलाज नव्हता, तुमच्याकडे स्लीपिंग बॅग आहे. उष्णतेने गोंद सुटतो आणि चामडं आकसतं. वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबून सावलीत ठेवा, बोळे बदलत राहा. घरी आल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायची खोड तर अजिबात नको.

पुढच्या वर्षी विकत घ्यायचाच झाला तर चांगला बी-२ किंवा एकेरी बी-३ बूट पस्तीस-चाळीस हजारांच्या घरात जातो, डबल त्याच्या दुप्पट किंवा अधिक. डेकॅथलॉनच्या सिमॉन्ड या ब्रँडमध्ये जरा स्वस्त पर्याय असतात, त्यांचा साचा पायाला बसला तर नाक मुरडायचं कारण नाही. दर दोन-तीन वर्षांनी एखादं सहा हजारी करणार असाल तर एकेरी बी-३ स्वतःचा ठेवा आणि डबल भाड्याने घेत राहा. वर्षाला मोहीम करणारे थोडे असतात, त्यांनीच डबल विकत घ्यावा.

कोर्सवरून परत आलात की दोन्ही पायांची लांबी, चवड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि संस्थेचा कुठला बूट कुठे चावला एवढं लिहून कळवा. मग नेमक्या मॉडेलचं बोलू.